मागील दार नसलेले घर

मुलाने टाउन्सव्हिलहून दूरध्वनीवर ‘बाबा, आईला घेऊन या, आपण कॅराव्हॅन घेऊन समुद्रकाठाने फिरू,’ असे सुचविले, तेव्हा त्याला वेड लागले असावे असेच मला वाटले. सौ.ला स्मृतिभ्रंशाचे निदान होऊन दोन वर्षे झाली होती. पुण्याच्या आमच्या तीन खोल्यांतही तिला कधी कधी स्वयंपाकघर सापडत नसे. परमुलखात गावोगाव मुक्काम करून तिचे काय व्हावे?

तिच्या डॉक्टरांनी मात्र निराळा विचार पुढे ठेवला. हॉटेलात रोज खोली बदलते. कॅराव्हॅनमध्ये गाव बदलते, परंतु उशी, पेला आणि दिव्याचे बटण जागचे हलत नाही. आजार सुरुवातीच्या पायरीवर असल्याने जाण्यास हरकत नाही, मात्र एका ठिकाणी किमान तीन रात्री राहावे आणि दिवसाला दोन तासांहून अधिक अंतर कापू नये, या दोन अटी त्यांनी घातल्या. औषधे मूळ वेष्टनात, सोबत डॉक्टरांचे इंग्रजी पत्र, आणि जुना आजार न लपविता उतरविलेला प्रवासविमा, एवढी तयारी करून आम्ही जुलैत निघालो. तेथील सरकारी आरोग्य योजना आपल्याकडून गेलेल्या पाहुण्यांना लागू नाही, म्हणून विम्यात काटकसर करू नये.

जुलै हा उत्तर क्वीन्सलँडचा कोरडा हंगाम. दिवसा 25 अंशांच्या आसपास ऊन आणि रात्री पातळ गोधडी लागेल एवढा गारवा. नोव्हेंबर ते मे या काळात तेथील समुद्रात विषारी जेलीफिश असतात. त्यांच्या दंशावर ओतण्यासाठी किनाऱ्यांवर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या दिसतात. मगरींचा धोका मात्र बारमाही.

आपल्याकडे अनेकांची कल्पना असते की कॅराव्हॅनमध्ये आडवे पडून प्रवास करता येतो. तसे नाही. ती मोटारीमागे जोडलेली असते आणि चालू असताना तीत कोणी बसणे कायद्याने मना आहे. आम्ही मोटारीतच बसत असू आणि तासातासाला उतरून पाय मोकळे करीत असू. ब्रूस हायवेच्या कंटाळवाण्या पट्ट्यांत चालकाला डुलकी लागू नये म्हणून कोड्यांचे फलक लावलेले आहेत. एका फलकावर प्रश्न, काही अंतरावर उत्तर. क्वीन्सलँडचे राज्यफूल कोणते, असे नातवाने मोठ्याने वाचले की सौ. ठामपणे म्हणे, ‘जास्वंद!’ उत्तर कुकटाउन ऑर्किड असे आले, तरी नातू ‘आजी बरोबर’ म्हणून टाळ्या वाजवी. मी तिची चूक सुधारायला तोंड उघडले होते. सूनबाईने डोळ्यांनीच मला थांबविले.

पहिला मुक्काम कार्डवेलला. समोर समुद्रात हिंचिनब्रुक बेटाचे डोंगर ढगांत बुडालेले. पुढे उसाची शेते, केळीच्या बागा आणि ऊस वाहणाऱ्या चिमुकल्या आगगाड्या. टली गावात 7.9 मीटर उंचीचा सोनेरी गमबूट उभा आहे. 1950 साली तेथे पडलेल्या पावसाची ती उंची. आंबोलीच्या माणसाने पाहावा असा.

मिशन बीचच्या दुसऱ्या रात्री मला जाग आली ती दारातून येणाऱ्या गार वाऱ्याने. सौ. अंथरुणात नव्हती. मुक्कामापासून दोनशे पावलांवर खाडीचे तोंड होते आणि तेथे मगरीचा इशारा देणारा पिवळा फलक मी संध्याकाळीच वाचला होता. मुलाला उठवून अनवाणी धावलो. रांगेतल्या साऱ्या कॅराव्हॅन एकसारख्या पांढऱ्या. डोळस माणसाने चुकावे अशा.

ती सार्वजनिक स्वयंपाकघरात सापडली. तिच्याच वयाच्या एका गोऱ्या बाईने तिला खुर्चीवर बसवून आपली शाल पांघरली होती आणि चहा करून दिला होता. निवृत्तीनंतर घर मागे ठेवून वर्षानुवर्षे असे फिरणाऱ्यांना तिकडे ‘ग्रे नोमॅड’ म्हणतात; ही बाई त्यांपैकीच. आम्हांला पाहून सौ. शांतपणे म्हणाली, ‘अहो, मागील दार कुठंय? केव्हाची शोधतेय.’ मालवणच्या तिच्या माहेरी न्हाणीघर मागील दारी होते. रात्री उठून तिकडे जाण्याची बालपणीची वाट तिच्या पायांना आठवत होती, आणि आमच्या फिरत्या घराला एकच दार.

चूक माझी होती. रात्रीच्या दिव्याची आणि दाराची व्यवस्था मी निघण्यापूर्वीच करावयास हवी होती. दुसऱ्या दिवशी दाराला घुंगरू बांधले, पायरीपाशी मंद दिवा लावला, प्रसाधनगृहाजवळची सपाट जागा मागून घेतली आणि तिच्या गळ्यात मुलाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली पट्टी अडकविली. रात्री दहाला आणि तीनला मीच तिला उठवून नेऊ लागलो. पाणी दिवसा भरपूर, सातनंतर घोटभर. झोपमोड झाली, पण पुन्हा धाव घ्यावी लागली नाही.

त्याच किनाऱ्यावर मोठी, तुकतुकीत पानांची झाडे वाळूवर ओणवलेली आहेत. मी नुसती सावली पाहून बसलो. सौ.ने खाली पडलेले गोल फळ उचलले, दगडाने फोडले, हुंगले आणि म्हणाली, ‘उंडी.’ मुलाने शोधून पाहिले. खरोखरच कोकणातली उंडी ती. मग अर्धा तास ती अखंड बोलत होती: आजी उंडीचे तेल दिव्याला कशी घाली, आजोबांच्या गुडघ्यांना ते कोमट करून कशी चोळी, त्याचा वास आंघोळीनंतरही कसा जात नसे. नातवाने सारे ध्वनिमुद्रित केले. सकाळी काय खाल्ले हे तिला सांगता येत नव्हते.

केर्न्सला कॅराव्हॅन ठेवून एक दिवस नुसत्या मोटारीने डेनट्री नदी तराफ्यावरून ओलांडली आणि केप ट्रिब्युलेशन गाठले. वर्षावन थेट वाळूपर्यंत उतरते आणि पुढे प्रवाळांचा समुद्र. दोन जागतिक वारसास्थळे तेथे एकमेकांना भेटतात. घाटवळणांनी सौ.ला मळमळले, म्हणून तासाभरातच परतलो. तो दिवस टाळला असता तरी चालले असते.

टाउन्सव्हिलला मुलाच्या घरी पहिल्या रात्री तिने खोलीचे दार उघडून बाहेर पाहिले आणि विचारले, ‘अहो, आज गाडी कुठल्या गावी लावली?’

मी म्हणालो, ‘मालवणला.’ ती येऊन झोपली.