त्यांना काय पाहायचं होतं

ह्यांच्या पार्किन्सन्सचं निदान होऊन बरीच वर्षं झाली होती, तेव्हा आम्ही युरोपला जायचं ठरवलं. ठरवलं ते मी आणि मुलाने. निवृत्तीनंतर करू म्हणून ठेवलेली सहल आजारपणात मागे पडत गेली होती आणि आता नाही तर कधीच नाही, या घाईने मला घेरलं होतं. नातीला उन्हाळ्याची सुट्टी होती. एका टूर कंपनीची सहल सुनेच्या मैत्रिणीने केली होती. बरेच देश, मराठी जेवण, मराठी सोबत. पुस्तिकेतले फोटो बघून मी त्याच दिवशी होकार दिला.

त्या वेळी हे चालत होते, बोलत होते, पण घड्याळाच्या हिशेबाने. या आजारात मेंदूत डोपामिन कमी पडतं आणि लिव्होडोपाची गोळी ते भरून काढते. गोळी घेतल्यावर पाऊण तासाने ह्यांचं अंग मोकळं व्हायचं, पुढचे तीनेक तास बरे जायचे, मग गोळी उतरायची आणि हातपाय जड व्हायचे. सकाळ सगळ्यात वाईट. रात्रभराच्या खंडानंतर पहिली गोळी लागू होईपर्यंत कूस बदलणंही अवघड. शिवाय दारात, लिफ्टच्या तोंडाशी, अरुंद जागेत पाय अचानक जागच्या जागी थांबायचे. अशा वेळी ओढायचं नसतं. समोर आपला पाय आडवा ठेवायचा आणि ‘हा ओलांडा’ म्हणायचं, किंवा एक-दोन एक-दोन असा ठेका धरायचा. घरात हे सगळं आम्ही करत होतो. आमच्या घराबाहेर मात्र ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते कुणाला कळू नये याची काळजी मी घेत होते.

शेंगेनच्या व्हिसासाठी किमान 30,000 युरोंच्या वैद्यकीय खर्चाचा विमा लागतो. त्या अर्जात आधीपासूनच्या आजारांचा रकाना होता. एजंट म्हणाला, “काकू, लिहू नका, प्रीमियम वाढेल आणि पुढे प्रश्न विचारतील.” मी ‘नाही’ लिहिलं. दोष मी त्याला देत नाही, सही माझी होती. विमानात व्हीलचेअर हवी का, या प्रश्नालाही ‘नको’ म्हटलं. सोबतच्या मंडळींसमोर ह्यांना खुर्चीतून ढकलत नेणं मला नको होतं. ह्यांना चालेल का, हे विचारलं नाही. निघण्याआधी न्यूरॉलॉजिस्टना भेटलेही नाही. ते ‘जाऊ नका’ म्हणतील अशी भीती होती. नंतर कळलं की ते नाही म्हणणार नव्हते, पण ही सहल घेऊ नका असं नक्की म्हणाले असते. पहाटे उठून बॅगा दाराबाहेर ठेवायच्या आणि आठला बसमध्ये बसायचं, असा तो रोजचा क्रम होता. ज्या माणसाची सकाळ दहाला सुरू होते त्याच्यासाठी मी तो निवडला.

पैसे भरायच्या आदल्या रात्री आम्ही सगळे पुस्तिका घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. नातीला बर्फ हवा होता, सुनेला पॅरिस. मी म्हटलं, “अहो, तुम्हाला काय बघायचंय?” ह्यांनी पुस्तिकेकडे बघितलं, ओठ हलले. या आजारात आवाज बारीक होतो आणि मनातला शब्द तोंडात यायला वेळ लागतो. “लुझर्नला...” एवढं आलं आणि थांबलं. मी म्हटलं, “हो, लुझर्न आहे यात,” आणि पान उलटलं.

पुढची चूक विमानातच झाली. मी घड्याळ तिकडच्या वेळेवर लावलं आणि गोळ्याही त्याच घड्याळावर नेल्या. उन्हाळ्यात आपण तिथल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतो, त्यामुळे चार तासांनी द्यायची गोळी साडेसात तासांनी गेली. प्रवासात घड्याळ बघायचं नसतं, मागच्या गोळीपासूनचे तास मोजायचे असतात. विमान उतरलं तेव्हा ह्यांना सीटवरून उठताच येईना. सगळे प्रवासी उतरून गेले. आम्ही व्हीलचेअर मागितलीच नव्हती, आणि मागताना तिच्यातही प्रकार सांगावा लागतो हे मला माहीत नव्हतं. लांब चालवत नाही पण जिने चढता येतात, जिने चढवत नाहीत पण सीटपर्यंत चालता येतं, आणि सीटवरूनच उचलून न्यावं लागतं, अशा तिघांचे वेगळे संकेत विमान कंपन्यांकडे असतात आणि त्याप्रमाणे माणसं येतात. अरुंद खुर्ची येईपर्यंत हे रिकाम्या विमानात मान खाली घालून बसले होते. आमचा ग्रुप बाहेर ताटकळत होता. मुलाने त्यांना सांगितलं, “बाबांचे पाय आखडलेत.” तेही मीच सांगायला लावलं होतं.

इटलीतून स्वित्झर्लंडकडे जाताना बसमध्ये ह्यांना मळमळायला लागलं. गोथार्डच्या जवळपास 17 किलोमीटरच्या बोगद्यात तर चेहरा पांढरा पडला. पुढच्या सीटवरच्या वहिनी मागे वळून म्हणाल्या, “माझ्याकडे उलटीची गोळी आहे, लगेच आराम पडेल.” आधीपासून त्या आमची फार आपुलकीने विचारपूस करत होत्या. मी गोळी घेतली आणि ह्यांना दिली. मळमळ थांबली. रात्रीसाठी त्यांनी आणखी एक दिली, तीही दिली.

लुझर्नला उतरलो तेव्हा हे पेंगुळलेले होते आणि चेहरा मुखवट्यासारखा ताठ झाला होता. खरेदीसाठी थोडा वेळ दिला होता. सगळे घड्याळांच्या दुकानांकडे निघाले. ह्यांनी माझी बाही धरली. या वेळी मी वाकून कान दिला, म्हणून ऐकू आलं: “बरगे.”

हे पाटबंधारे खात्यात होते. उजनी, नंतर वारणा. लुझर्नला तळ्यातून रॉइस नदी बाहेर पडते तिथे 19व्या शतकातला एक बंधारा आहे. त्याच्या जुन्या भागाला दरवाजे नाहीत. लाकडाचे लांब दांडे एकाशेजारी एक उभे लावलेले असतात आणि माणसं ते हाताने काढून-घालून तळ्याची पातळी राखतात. आपल्याकडच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळा संपला की बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात आणि पावसाळ्याआधी काढतात, त्याच जातीचं काम. लुझर्नच्या या बंधाऱ्याबद्दल त्यांनी नोकरीत असताना कुठल्याशा अंकात वाचलं होतं आणि एवढी वर्षं लक्षात ठेवलं होतं. सगळ्या युरोपात त्यांना एवढी एकच गोष्ट पाहायची होती. तो बंधारा तिथल्या एका जुन्या पुलापासून नदीकाठाने थोड्याच अंतरावर आहे, रस्ता सपाट आहे, हे मी घरी आल्यावर नकाशात पाहिलं. त्या क्षणी मी म्हटलं, “आज तुम्हाला बरं नाहीये, बसा इथे बाकावर. वेळ उरला तर जाऊ.” वेळ उरला नाही.

दुसऱ्या दिवशी टिटलिस. एंगेलबर्गहून रोपवेने वर जायचं, शिखराजवळचं स्टेशन 3,000 मीटरच्या वर. सकाळी हे नेहमीपेक्षा कितीतरी जास्त जखडलेले होते. दिसत होतं मला. पण ग्रुप निघाला होता, तिकिटं काढलेली होती, आणि नात म्हणत होती, “आजोबा, बर्फ!” रोपवेचे डबे स्टेशनात पूर्ण थांबत नाहीत, हळूहळू सरकत राहतात आणि तेवढ्यात चढायचं असतं. आधी सांगितलं की ते डबा थांबवतात, पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं, हा माझ्यापुढचा प्रश्न होता. आम्ही सांगितलं नाही. डबा आला, दार उघडलं. सून, नात आत गेल्या. मुलगा आत जाऊन वळला. ह्यांनी उंबऱ्यापाशी पाऊल उचललं आणि ते हवेतच थांबल्यासारखं झालं. बुटाचं टोक जमिनीला टेकलेलं, टाच वर, सगळं अंग पुढे झुकलेलं आणि दार सरकत चाललेलं. घाबरून मुलाने हात धरून पुढे ओढलं. घरात त्याने कधीच ओढलं नसतं. हे आडवे गेले, उजव्या हातावर पडले. कर्मचाऱ्याने तत्क्षणी रोपवे थांबवला. तो थांबतो हे तेव्हा कळलं.

मनगट मोडलं होतं. हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टर बाईंनी विचारलं की कोणती औषधं चालू आहेत. माझ्याकडे आपल्याकडच्या ब्रँडच्या नावाची चिठ्ठी होती आणि ते नाव तिकडे कुणी ओळखत नव्हतं. गोळ्यांच्या पाकिटावर बारीक अक्षरात ‘लिव्होडोपा, कार्बिडोपा’ होतं, ते त्यांनी वाचलं. मग विचारलं, “गेल्या दोन दिवसांत आणखी काही?” वहिनींनी दिलेल्या गोळीचं रिकामं पाकीट माझ्या पर्समध्ये होतं. ते बघून त्या क्षणभर गप्प राहिल्या. गोळी प्रोक्लोरपेरझिनची होती. उलटीवर आणि चक्करीवर आपल्याकडे ती सर्रास घेतात. डोपामिनचं काम ती अडवते. ज्याच्या मेंदूत डोपामिन आधीच कमी, त्याला ती देणं म्हणजे लिव्होडोपाला मागून धरून ठेवणं. मेटोक्लोप्रमाइडचंही तसंच. मळमळीसाठी पार्किन्सन्सच्या माणसाला सहसा डॉम्पेरिडोन देतात, तेही डॉक्टरांना विचारून. त्या मला रागावल्या नाहीत. त्यांनी टाळायच्या औषधांची नावं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिली आणि कागद पासपोर्टमध्ये ठेवायला सांगितलं.

वहिनींना पार्किन्सन्स माहीत होता. त्यांच्या सख्ख्या काकांना होता. आम्ही सांगितलं असतं तर त्यांनी गोळी पुढे केलीच नसती. निरोप घेताना त्या रडल्या, त्यांना वाटत होतं चूक त्यांची आहे. ती माझी होती हे मी त्यांना तिथेच सांगितलं.

ग्रुप पुढच्या देशात गेला. आम्ही नवी तिकिटं काढून परतलो. विमा कंपनीने दावा नाकारला: आजार जाहीर केलेला नव्हता. नियमाप्रमाणे त्यांचं बरोबर होतं. तिथलं बिल आणि तिकिटं मुलाने घराच्या हप्त्यासाठी ठेवलेल्या पैशांतून भरली. त्याची भरपाई पुढे झाली. मनगटाची झाली नाही. प्लास्टर निघाल्यावर बोटं पूर्वीसारखी वळलीच नाहीत. अक्षर आधीच बारीक होत चाललं होतं, ते बंद झालं. बँकेत सही जुळेना म्हणून अंगठा द्यावा लागला, त्या दिवशी हे दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. ज्यांच्या सहीने धरणाचे दरवाजे उघडत होते, त्यांची सही माझ्या घाईत गेली.

मी का लपवलं, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. लोक काय म्हणतील, हे एक कारण आहेच. त्याहून मोठं कारण असं की मला ती सहल दहा वर्षांपूर्वीच्या माणसाबरोबर करायची होती. जो पुढे चालायचा, नकाशा वाचायचा, बॅगा उचलायचा. सगळे बेत मी त्याच्यासाठी केले आणि सोबत नेलं दुसऱ्याच माणसाला, ज्याची मी काहीच तयारी केली नव्हती.

पुढे पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभांना आम्ही जायला लागलो. तिथे लोक कंप सुटलेल्या हातात कप धरून प्रवासाच्या गोष्टी सांगत होते आणि कुणी मान वळवत नव्हतं. तिथेच परत प्रवासाला जायचा धीर आला. या वेळी आधी ह्यांना विचारलं आणि गप्प बसले. बराच वेळ गेला. मग आलं: “सिंगापूर. बराज.”

मरीना बराज 2008मध्ये सुरू झालं. समुद्राच्या तोंडाशी 350 मीटर लांबीचा बांध, त्याला नऊ पोलादी दरवाजे. शहराच्या मधोमध गोड्या पाण्याचा साठा होतो. भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस आला तर दरवाजे उघडून चालत नाही, म्हणून पाणी समुद्रात उपसून टाकायला प्रचंड पंप आहेत. आम्ही एकाच हॉटेलात राहिलो. बाथरूमचे फोटो आधी मागवले, कारण युरोपात टबात पाय टाकून आंघोळ करणं रोजचं संकट झालं होतं. सकाळी अकराच्या आत कुठेही जायचं नाही. औषधं दोन हातबॅगांत विभागून, जेनेरिक नावांचं डॉक्टरांचं पत्र सोबत, काही झोपेच्या गोळ्यांवर तिकडे नियम आहेत म्हणून तेही आधी तपासून. विम्यात आजार लिहिला, प्रीमियम वाढला. व्हीलचेअर सांगितली, ती दारात उभी होती. तिथल्या मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनात लिफ्टने जाता येतं, बसमध्ये खुर्ची चढते. ह्यांनी खुर्चीत बसायला एकदाही नकार दिला नाही. लाज मलाच वाटत होती.

बराजवर ह्यांनी नातीला दरवाजे कसे चालतात ते समजावलं. एकेक वाक्य सावकाश. ती आजोबांच्या तोंडाजवळ कान नेऊन ऐकत होती आणि मध्ये एकदाही ‘हो हो, कळलं’ म्हणाली नाही. संध्याकाळी गवताच्या गच्चीवर लोक पतंग उडवत होते. आम्ही बाकी काही फारसं बघितलं नाही.

आता ह्यांना गिळायला त्रास होतो आणि लांबचा प्रवास डॉक्टरांनी बंद केला आहे. लुझर्नचा बंधारा राहिला तो राहिलाच.

तुमच्या घरी असं कुणी असेल आणि तुम्ही तिकिटं काढायच्या बेतात असाल, तर आधी त्यांना काय पाहायचंय ते विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. ते यायला वेळ लागतो, पण येतं.