दोन विजेच्या गाड्या आणि अक्काची बाज

चांगल्या आणि वाईट वस्तूंतून चांगली निवडणें हें कांहीं मोठें कठीण काम नव्हे. वाईट वस्तु आपलें वाईटपण फार दिवस लपवूं शकत नाहीं. परंतु दोन्ही वस्तु चांगल्या, दोहोंची किंमत जवळजवळ सारखी आणि दोहोंचे गुणही तोलास तोल असले, म्हणजे निवडणाऱ्याची खरी परीक्षा होते. मग वस्तूंकडे पाहून भागत नाहीं. आपल्या घराकडेच नीट पाहावें लागतें. मध्यंतरीं आमच्या घरांत विजेची मोटार घेण्याचा विचार निघाला, तेव्हां हें आमच्या चांगलेंच प्रत्ययास आलें. ज्या घरांत आज-उद्यां असाच विचार निघणार आहे, त्यांस आमच्या वादाचा कांहीं उपयोग व्हावा, म्हणून तो येथें मांडीत आहों.

आमची मोटारविद्या मॅट्रिकच्या पदार्थविज्ञानापुढें गेलेली नाहीं. पुढील आयुष्य पाणिनीच्या सूत्रांत आणि मुलांच्या वह्या तपासण्यांत गेलें. तथापि भागाकार आणि गुणाकार हे ज्यास येतात, त्यास जाहिरातीची फारशी भीति बाळगण्याचें कारण नाहीं, असें आमचें मत झालें आहे.

चिरंजीवांची डिझेलची गाडी बारा वर्षें चालून थकली होती. नवी घ्यावयाची ती विजेचीच, पांच माणसें ऐसपैस बसतील अशी, आणि एकदांच घ्यावयाची तर मनाजोगी, असें चिरंजीव व सूनबाई या उभयतांनीं ठरविलें. चाळणी लावतां लावतां दोन नांवें उरलीं. एक महिंद्रांची ‘एक्सईव्ही ९ई’. ही नोव्हेंबर २०२४ मध्यें लोकांपुढें आली आणि आमच्या पुण्याजवळच चाकणला तयार होते. दुसरी टाटांची ‘हॅरियर ईव्ही’. ही जून २०२५ मध्यें बाजारांत आली. पहिलीची आरंभींची किंमत प्रकारपरत्वें २१ लाख ९० हजारांपासून ३० लाख ५० हजारांपर्यंत होती. दुसरीची २१ लाख ४९ हजारांपासून पुढें, आणि चारही चाकांस जोर देणारा दोन मोटरांचा प्रकार घेतल्यास २८ लाख ९९ हजार. नोंदणी, विमा आणि घरीं बसवावयाचा चार्जर यांचा खर्च निराळा.

संस्कृतांत ‘अंधगजन्याय’ म्हणून एक दृष्टांत आहे. आंधळ्यांनीं हत्ती चांचपला. ज्याच्या हातीं कान आला त्यास तो सुपासारखा वाटला, ज्याच्या हातीं पाय आला त्यास खांबासारखा. आमच्या घरीं तसेंच झालें. चिरंजीवांस महिंद्रांच्या गाडीचें मागें उतरत गेलेलें छप्पर आणि तिचा डौल फार आवडला. नातवानें तींतील १२.३ इंचांचे तीन पडदे ओळीनें मांडलेले पाहिले आणि आपलें मत तेथेंच देऊन टाकलें. सूनबाई हिशेबी, तिनें सामानाची जागा पाहिली. महिंद्रांकडे ६६३ लिटर, टाटांकडे ५०२. मग तिनें अपघाताच्या सरकारमान्य चाचणीचे निकाल काढले. तेथें दोघींसही पांच तारे! इतकेंच नव्हे, तर प्रौढांच्या रक्षणांत दोघींस ३२ पैकीं ३२ आणि मुलांच्या रक्षणांत दोघींस ४९ पैकीं ४५. वर्गांत असे निकाल हातीं आले असते, तर आम्हीं त्या दोघांचीं बाकें दूर केलीं असतीं.

मग वाद पल्ल्यावर आला. महिंद्रांच्या मोठ्या बॅटरीची क्षमता ७९ किलोवॅट-अवर आणि जाहीर केलेला पल्ला ६५६ किलोमीटर. टाटांच्या मोठ्या बॅटरीची ७५ आणि पल्ला ६२७. येथें वाचकांस एक साधी गोष्ट सांगतों. किलोवॅट-अवर म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून आपल्या विजेच्या बिलांतील एक युनिट होय. एकींत ७९ युनिटें मावतात, दुसरींत ७५. भागाकार केला असतां पहिली युनिटास ८.३० किलोमीटर जाते, दुसरी ८.३६. चिरंजीवांस २९ किलोमीटरांचा फरक मोठा वाटत होता. पण तो काटकसरीचा नसून केवळ भांड्याच्या आकाराचा आहे, हें कागदावर मांडल्यावर त्यांनींही कबूल केलें.

शिवाय हे आंकडे ठराविक चाचणींतले. सोपा पेपर आला म्हणजे जसे गुण पडतात, तसे ते समजावे. रस्त्यावर गारव्याचें यंत्र चालतें, घाट लागतो, गाडी भरलेली असते आणि चिरंजीवांचा पाय थोडा जडच आहे. म्हणून आम्हीं युनिटास सहाच किलोमीटर धरले. एकीचे ४७४ झाले, दुसरीचे ४५०. आतां फरक चोवीस किलोमीटरांवर आला.

जलद चार्जिंगचेंही तसेंच. वीस टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत महिंद्रांची गाडी वीस मिनिटांत भरते आणि टाटांची पंचवीस मिनिटांत, असें कंपन्या सांगतात. परंतु त्यासाठीं केंद्रही तितक्याच सामर्थ्याचें हवें. जेथें ६० किलोवॅटचें केंद्र आहे, तेथें दोघींच्याही ताटांत तेवढेंच वाढलें जाणार, आणि दोघींसही पाऊण तासाच्या आसपास थांबावें लागणार. बॅटरीची जात दोघींची एकच, लोह-फॉस्फेटाची. ही उष्णता बरी सोसते व दीर्घायुषी असते. पहिल्या खाजगी मालकास बॅटरीची ‘आजन्म’ हमीही दोघांनीं देऊं केली आहे. हें ‘आजन्म’ कोणाच्या जन्माचें, हें मात्र कागद वाचून पाहावें. टाटांच्या अटींत त्याचा अर्थ पहिल्या नोंदणीपासून पंधरा वर्षें असा केलेला आहे. शब्दाचा अर्थ शब्दकोशांत नव्हे, तर करारांत पाहावयाचा असतो!

असे तीन आठवडे गेले. दोन्ही पारडीं समान. तेव्हां आम्हीं विचारलें, “या गाडीनें जावयाचें कोठें?”

रोजचें उत्तर सोपें होतें. कचेरी, शाळा, मंडई; दिवसाकाठीं चाळीस किलोमीटर. त्यास या दोन्ही चालतात. किंबहुना निम्म्या किमतीचीही चालते. खरें उत्तर आमच्या कुटुंबानें दिलें. ती म्हणाली, “वन्संना गुहागरहून आणायला.”

घरांत क्षणभर कोणी बोललें नाहीं.

अक्का ही आमची थोरली बहीण. आई गेली तेव्हां आम्ही सात वर्षांचे होतों आणि अक्का एकोणीस वर्षांची. शिवणाच्या यंत्रावर गांवांतल्या बायकांचीं पोलकीं शिवून तिनें आमचें शिक्षण केलें. आज ती अठ्याहत्तर वर्षांची आहे आणि जुन्या घरांत एकटी राहते. दोन वर्षांपूर्वीं ती न्हाणीघरांत पडली व खुबा बदलावा लागला. तेव्हांपासून एस.टी.ची पायरी तिला चढवत नाहीं आणि बसक्या मोटारींतून उठवत नाहीं. पुण्यास येणें बंदच झालें. “मला काय कमी आहे इथें?” असें ती म्हणते, पण फोन ती कधीं आधीं ठेवीत नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे.

तेव्हां प्रश्न असा झाला, कीं खुबा बदललेली अठ्याहत्तर वर्षांची बाई कोणत्या गाडींत कमी कष्टानें चढेल, पावणेतीनशें किलोमीटर सुखानें बसेल आणि उतरेल? हा प्रश्न एकाही जाहिरातींत विचारलेला नव्हता.

आम्हीं त्याच संध्याकाळीं फोन केला. “अक्का, तूं ज्या बाजेवरून उठतेस, ती किती उंच आहे गं?”

“कशाला रे? बाज विकायला काढलीस कीं काय?” असें म्हणून तिनें फोन बाजूस ठेवला आणि बाज मोजली. “दोन विती नि चार बोटं,” ती म्हणाली. अक्काची वीत आम्हांस ठाऊक आहे. सुमारें एकवीस इंच झाले.

दुसऱ्या दिवशीं शिंप्याची टेप आणि घरांतला एक पाट घेऊन आम्ही दोन्ही दुकानांत गेलों. कुटुंबाची उंची अक्काइतकीच आणि गुडघेही दुखरे. तेव्हां अक्काच्या ऐवजीं तीच चढली आणि उतरली. दोन्ही गाड्यांच्या बैठका बाजेहून उंच निघाल्या. हें वाईट नव्हे. खुबा काटकोनापेक्षां अधिक वांकवूं नये, अशी डॉक्टरांची ताकीद असते, तेव्हां खोल बैठकीपेक्षां उंच बैठक केव्हांही बरी. फक्त पायाखालीं पाट हवा. दुसरी गोष्ट अशी, कीं विजेच्या गाडींत बॅटरी पायांखालीं असते, म्हणून तळ थोडा वर येतो व बसणाऱ्याचे गुडघे किंचित् उंच राहतात. मांडीस खालून आधार पोंचतो कीं नाहीं, हें म्हाताऱ्या माणसास पांच मिनिटें तरी बसवूनच पाहावें. दोन मिनिटांत तें कळत नाहीं.

तिसरी गोष्ट छपराची, आणि तेथेंच निकाल लागला. उतरत्या छपराची गाडी दिसावयास सुंदर. पण मागच्या दारानें आंत शिरतांना मस्तक थोडें अधिक लववावें लागतें. तरुणास तें कळतही नाहीं. परंतु ज्यास पाय, कंबर आणि मान हीं तिन्ही एकदम सांभाळावयाचीं आहेत, त्यास उभट दार सोयीचें पडतें. अक्कास पुढें बसवावें म्हटलें, तर घाटांतली दरी समोर दिसली कीं तिला भोंवळ येते. ती मागेंच बसणार, आणि शेजारीं तिची भावजय.

चिरंजीवांनीं एकदां त्या डौलदार गाडीकडे पाहिलें आणि म्हणाले, “बाबा, हॅरियर घेऊं.” त्यांनीं दुसरें कांहीं बोलून दाखविलें नाहीं, पण त्यांनीं काय सोडलें, तें आम्हांस समजलें.

दोन मोटरांचा प्रकार घ्यावा कीं एका मोटरेचा, यावर सूनबाई अडेल असें वाटलें होतें. कारण सारख्याच सोयींच्या या दोन प्रकारांत दीड लाखांचें अंतर होतें. पण गुहागरच्या घराकडे उतरणारी शेवटची वाट तांबड्या मातीची आहे व श्रावणांत ती शेवाळते. घाटांत गाडी बहुधा तीच चालविते. ती म्हणाली, “त्या उतारावर मागें आत्याबाई बसल्या असतांना मला चारही चाकं हवींत. दीड लाख माझ्या खात्यांतले घाला.” आम्हीं त्यावर कांहीं बोललों नाहीं.

उरला प्रश्न घाटाचा. ‘घाट बॅटरी खाऊन टाकतो,’ असें पुष्कळ लोक म्हणतात. सव्वादोन टनांची गाडी सहाशें मीटर उंच चढवावयास किती वीज लागते, याचें गणित मॅट्रिकच्या पुस्तकांतलें आहे. उत्तर येतें पावणेचार युनिटांच्या आंत. यंत्रांतली नासाडी धरून फार तर पांच म्हणा. आणि उतरतांना त्यांतला कांहीं भाग चाकांकडून परत बॅटरींत येतो. आमची वाट उंब्रजवरून कोयनानगर, कुंभार्ली घाट आणि चिपळूण अशी. त्याच घाटाच्या पायथ्याशीं पोफळी येथें कोयनेचें पाणी कोसळून वीज तयार होते. सारा कोयना प्रकल्प १,९६० मेगावॅटांचा आहे. पाणी ज्या उंचीवरून पडतें, त्याच उंचीवर आपण विजेनें चढावें, ही कल्पना मोठी गोड आहे. परंतु आपल्या राज्याची बहुतेक वीज अजून कोळशाचीच आहे, हेंही विसरूं नये. विजेची गाडी घेतली म्हणजे सारें पाप धुतलें गेलें, असें नाहीं.

गुहागरला पोंचेपर्यंत २७५ किलोमीटर होतात. आमच्या कंजूष हिशेबानेंही १७५ किलोमीटरांची वीज शिल्लक राहते. तेथें पंधरा अँपिअरच्या साध्या जोडणीवर तासास सुमारें तीन युनिटें मिळालीं, तरी रात्रीच्या दहा तासांत तीस युनिटें, म्हणजे १८० किलोमीटर. एका रात्रींत परतीची सोय झाली. परंतु जुन्या घरांत अर्थिंग नीट नसतें, आणि तें नसलें म्हणजे चार्जर चालत नाहीं, चालूंही देऊं नये. म्हणून गाडी मागविण्याच्या आधीं आम्हीं गुहागरच्या वायरमनकडून नवें अर्थिंग व जाड तार घालवून घेतली. पुण्यास आमच्या सोसायटीची परवानगीही आधीं कागदावर घेतली. हीं दोन कामें आधीं करावीं, मग गाडीचा रंग निवडावा, असें आमचें वाचकांस आग्रहाचें सांगणें आहे.

दुसऱ्या एखाद्या घरीं निकाल उलट लागेल, आणि तोही बरोबरच असेल. जेथें मागें तरणीं मुलें बसणार आहेत, सामान पुष्कळ आहे आणि वाट मोठ्या हमरस्त्याची आहे, तेथें ६६३ लिटरांची जागा आणि चार युनिटें अधिक हीं उपयोगाचींच आहेत. गाडी उत्तम कोणती, हा प्रश्न आमच्या मतें अपुरा आहे. कोणासाठीं, हा शब्द त्यांत घातल्यावांचून तें वाक्यच पुरें होत नाहीं. चतुर्थी विभक्ति उगाच केलेली नाहीं.

वायरमन काम करून गेल्यावर आम्हीं अक्काला फोनवर सांगितलें, कीं गाडीला जी वीज लागेल तिचे पैसे आम्ही दरवेळीं देऊं. ती रागावलीच. “तुला आठवत नाहीं रे? आपल्याकडे कोणी गाडी जुंपून आलं, तर त्याच्या बैलांना वैरण आपणच घालायचो. पाहुण्याकडून पेंढ्याचे पैसे घेतले का कधीं आबांनी?” मग थोडें थांबून तिनें विचारलें, “पाट आणशील ना आठवणीनं?”