होकारानंतरचे 28 दिवस

निर्वासितांसाठी काम करायचं म्हणजे कपडे, धान्य, ब्लँकेट्स वाटायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. 2024 मध्ये शेफील्डमधल्या एका स्थानिक संस्थेत स्वयंसेविका म्हणून जायला लागले, तेव्हा समोर आले ते कागद. सरकारी पत्रं, फॉर्म, मुदती. इंग्रजी येत असूनही त्यातलं निम्मं मला कळेना.

शेफील्ड हे पोलादाचं शहर. 2005 मध्ये इंदरजीत भोगल आणि क्रेग बार्नेट यांनी इथूनच ‘सिटी ऑफ सँक्चुअरी’ ही चळवळ सुरू केली. भोगल मूळचे केनियातल्या शीख कुटुंबातले, पुढे मेथडिस्ट धर्मगुरू झाले. 2007 मध्ये स्थानिक कौन्सिलच्या पाठिंब्याने शेफील्ड हे ब्रिटनमधलं पहिलं ‘आश्रयाचं शहर’ ठरलं. तेव्हापासून कितीतरी शहरांनी हा मार्ग धरला आहे.

प्रशिक्षणात दोन गोष्टी बजावून सांगितल्या. पहिली, ‘देश का सोडलात?’ हे कुणालाही विचारायचं नाही. तो प्रश्न सरकारी मुलाखतीत तासन्‌तास विचारलेला असतो. दुसरी, आश्रयाच्या अर्जाबद्दल कायदेशीर सल्ला द्यायचा नाही. 1999 च्या कायद्यानुसार नोंदणी नसताना असा सल्ला देणं गुन्हा आहे. मग मी करायचं तरी काय? संस्थेतल्या एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, ‘‘शेजारी बसायचं. पत्र वाचून दाखवायचं. फोन लावायचा आणि पलीकडून कुणी बोलेपर्यंत धरून ठेवायचा.’’

हळूहळू चित्र स्पष्ट होत गेलं. अर्जाचा निकाल लागेपर्यंत सरकार डोक्यावर छप्पर देतं, पण शहर कोणतं ते सरकारच ठरवतं. स्वतः स्वयंपाक करणाऱ्याला त्या वर्षी माणशी आठवड्याला 49.18 पौंड मिळत. जेवणासकट हॉटेलात ठेवलेल्यांना त्याहून कितीतरी कमी. नोकरी करायला बंदी. वर्षभर निकाल लागला नाही तर परवानगी मागता येते, तीही ठरावीक यादीतल्या कामांपुरती. धडधाकट, शिकलेली माणसं महिनोन्‌महिने नुसती वाट पाहत बसतात.

एके दिवशी इरिट्रियाचा एक तरुण हातात पत्र घेऊन आला. त्याला निर्वासित म्हणून मान्यता मिळाली होती. मला केवढा आनंद झाला! बाईंनी त्याचं अभिनंदन केलं आणि लगेच विचारलं, ‘‘पत्रावर तारीख कोणती आहे?’’ मी गोंधळले. आनंदाच्या क्षणी तारीख कशाला?

कारण होकार मिळाला की घड्याळ सुरू होतं. तेव्हाच्या नियमानुसार 28 दिवसांत सरकारी घर सोडायचं आणि भत्ताही बंद. पुढे त्याला इथल्या इतर रहिवाशांसारखं ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ मिळणार, पण अर्ज केल्यापासून पहिले पैसे हाती पडायला साधारण 5 आठवडे लागतात. त्याआधी आगाऊ रक्कम मिळू शकते, पण ती पुढच्या हप्त्यांतून कापून घेतात. शिवाय पैसे जमा व्हायला बँकेत खातं हवं, आणि खातं उघडायला पत्त्याचा पुरावा, तोही सुटणाऱ्या घराचा. एकट्या तरुणाला कौन्सिलचं घर मिळणं मुश्कील आणि खाजगी घरमालक अनामत मागतो. नकाराने माणूस रस्त्यावर येतो हे समजू शकते, पण होकारानेही येतो, हे पचवायला मला जड गेलं.

आम्ही अर्ज भरायला बसलो. पहिलीच अडचण नावाची. इरिट्रियात आडनाव नसतं. स्वतःचं नाव, वडिलांचं, मग आजोबांचं. फॉर्मला मात्र आडनाव हवंच, म्हणून आजोबांचं नाव तिथे गेलं होतं. मी त्याला माझं पूर्ण नाव लिहून दाखवलं, मधे वडिलांचं नाव असलेलं. त्याने त्यावर बोट ठेवून ‘‘फादर?’’ म्हणून विचारलं आणि पहिल्यांदा मोकळं हसला. मग ई-मेल, पासवर्ड, नॅशनल इन्शुरन्स नंबर. दुपार त्यातच गेली. संस्थेच्या ओळखीने त्याला तात्पुरती एक खोली मिळाली. सगळ्यांनाच मिळते असं नाही.

मी मूळची कोल्हापूरची. दुसऱ्या महायुद्धात शहराजवळच्या वळिवड्याला सुमारे 5 हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यात बायका आणि मुलंच जास्त. 1943 ते 1948 पर्यंत त्यांची तिथे वस्ती होती, शाळा होत्या, चर्च होतं. उखडलेलं माणूस नव्या मातीत रुजायला वर्षं लागतात, हे आमच्या पंचगंगेकाठाला ठाऊक आहे. 28 दिवस हा त्यासाठी हिशेबच नव्हे. डिसेंबर 2024 मध्ये सरकारने प्रायोगिक तत्त्वावर, काही काळापुरती, ही मुदत 56 दिवस केली होती. संस्था कित्येक वर्षं हेच मागत होत्या.

परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींना माझं कळकळीचं सांगणं आहे. व्हिसा, पत्त्याचे पुरावे, बँकेचे हेलपाटे, फोनवर ताटकळणं हे सगळं आपण केलेलं आहे. आपल्यापाशी भाषा होती, पासपोर्ट होता, मागे परत जायला घर होतं. ज्यांच्यापाशी यातलं काहीच नाही, त्यांना आपला हा अनुभव सोन्यासारखा आहे. आपल्या शहरातली अशी संस्था शोधा आणि आठवड्यातले दोन तास तिला द्या. पैसे नसले तरी चालेल, शेजारी बसायला माणूस हवा आहे.