हलक्या आवाजातील दहा गाणी

कवीचा पहिला संग्रह त्याच्या साऱ्या गतायुष्याची कमाई घेऊन वाचकांसमोर येतो आणि दुसऱ्या संग्रहासाठी मात्र त्याच्या पदरी दोन-तीन वर्षांची तुटपुंजी शिल्लक उरते, हा अनुभव वाङ्मयाला जितका परिचित आहे तितकाच तो संगीतालाही आहे. आणि ज्या पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात गीतकार, संगीतकार व गायक बहुधा एकच व्यक्ती असते, तेथे तर दुसरा अल्बम हाच एखाद्या वाद्यवृंदाच्या कर्तृत्वाचा खरा दाखला मानला जातो. पहिल्या यशाबरोबर प्रसिद्धी येते, दौरे येतात, कंपनीचे तगादे येतात, आणि ज्या एकांतात पहिली गाणी सुचली तो एकांत नेमका त्याच वेळी हिरावला जातो. या नियमाला जे थोडे अपवाद मला ठाऊक आहेत, त्यांत ग्लासगो शहरातील 'बेल अँड सेबॅस्टियन' या वाद्यवृंदाच्या 'इफ यू आर फीलिंग सिनिस्टर' या दुसऱ्या अल्बमचे स्थान मी फार वरचे समजतो. त्यांचा पहिला अल्बम 'टायगरमिल्क' ६ जून १९९६ रोजी निघाला आणि हा दुसरा त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला. मध्ये साडेपाच महिनेही गेले नाहीत. एवढ्या अवधीत कोणी नवे आयुष्य जगून घेऊ शकत नाही. तेव्हा ही दहा गाणी कोठून आली हे समजण्यासाठी त्या वर्षाच्या पुष्कळ मागे जावे लागते.

या गाण्यांचा कर्ता स्टुअर्ट मर्डॉक हा स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील एअर या गावी १९६८ साली जन्मला. विद्यापीठात शिकत असताना, ऐन विशीत, त्याला 'एम. ई.' या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्याधीने गाठले. रक्ताच्या एखाद्या तपासणीने जिचे निदान पक्के करता येत नाही, जिच्यावर खात्रीचा इलाज नाही, जिच्यात थोड्या श्रमाने आलेला थकवा झोपेने उतरत नाही, आणि रोगी बाहेरून धडधाकट दिसत असल्यामुळे आप्तस्वकीयांच्या सहानुभूतीलाही हळूहळू संशयाची किनार लागू लागते, अशी ती विलक्षण क्रूर व्याधी आहे. शिक्षण अर्धवट सुटले, समवयस्क पुढे निघून गेले, आणि सुमारे सात वर्षे हा तरुण जगाच्या वर्दळीपासून बाजूला पडून राहिला. त्या बाजूला पडण्यातच तो गाणी रचू लागला. पुढे २०२४ साली त्याने 'नोबडीज एम्पायर' या कादंबरीत त्या वर्षांना विस्ताराने हात घातला. पण त्यांचे पहिले आणि माझ्या मते अधिक उत्कट फळ म्हणजे १९९६ सालचे हे दोन अल्बम होत.

दीर्घ आजाराविषयी भाबडेपणाने लिहू नये. त्याने कोणी मोठा होतोच असे नाही, बहुतेक जण केवळ खचतात. तथापि एक गोष्ट आजार निश्चितपणे करतो. निरोगी मनुष्याला भोवतालची माणसे आपल्या उपयोगाच्या किंवा अडचणीच्या नात्याने दिसतात; जो स्पर्धेतूनच बाद झाला आहे, त्याला मात्र इतरांकडून काही मिळवायचे नसते आणि कोणाला मागे टाकायचेही नसते, म्हणून त्याची नजर त्यांच्यावर निवांतपणे, निर्हेतुकपणे स्थिरावू शकते. अल्बमचे पहिलेच गाणे, 'द स्टार्स ऑफ ट्रॅक अँड फील्ड', मैदानावरील देखण्या, यशस्वी खेळाडूंविषयी आहे, आणि ते गाणारा आवाज मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्याचा आहे. त्या आवाजात हेव्याची छटा आहे. पण हेवा जेथे कडू व्हायचा तेथे तो कुतूहलात विरघळतो. आरंभीचा स्वर इतका हलका आहे की ऐकणाऱ्याचा हात नकळत आवाज वाढवण्याच्या बटणाकडे जातो. केवळ गिटार आणि जवळजवळ कुजबुज. मग ड्रम सावकाश आत येतात, एकेक वाद्य येऊन मिळते, आणि अखेरीस ट्रम्पेट असा मोकळा होतो की मघाशी जे गाणे कानाजवळ तोंड आणून बोलत होते ते हेच का, असा प्रश्न पडावा. त्यातील एकही टप्पा कोठे सुरू झाला ते बोटाने दाखवता येत नाही.

गाणी कागदावरून बाहेर कशी आली, त्याचा वृत्तान्तही मला महत्त्वाचा वाटतो. प्रकृती काहीशी सावरल्यावर मर्डॉकने बेकार वादकांसाठी सरकारी खर्चाने चाललेल्या एका शिक्षणवर्गात नाव घातले. तेथे त्याला बेस गिटार वाजवणारा स्टुअर्ट डेव्हिड भेटला. ग्लासगोच्या स्टो कॉलेजात संगीतव्यवसायाचा अभ्यासक्रम होता आणि त्या विद्यार्थ्यांची 'इलेक्ट्रिक हनी' नावाची छोटी ध्वनिमुद्रण-कंपनी सामान्यतः वर्षाकाठी एखादी तबकडी काढत असे. मर्डॉकपाशी गाणी इतकी होती की त्यांनी संपूर्ण अल्बमच काढण्याची तजवीज केली. तीन दिवसांत ध्वनिमुद्रण उरकले आणि अवघ्या एक हजार तबकड्या छापल्या. बेकारांचा वर्ग काय, कॉलेजातील अभ्यासक्रम काय, सरकारदरबारी ही खर्चाच्या रकान्यातील सामान्य नोंद. पण तो रकाना कोरा राहिला असता तर हा वाद्यवृंद जन्माला आला नसता, हे खर्चात काटछाट करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. दुसरा अल्बम लंडनच्या 'जीप्स्टर' या लहानशा नव्या कंपनीने काढला. तोवर व्हायोलिन वाजवणारी सारा मार्टिन येऊन मिळाली होती. इझोबेल कॅम्पबेलचा चेलो, स्टीव्ही जॅक्सनची गिटार, क्रिस गेडिसचा पियानो आणि रिचर्ड कोलबर्नचे ड्रम अगोदरपासून होतेच.

मोठ्या कंपन्यांच्या बाहेर राहून संगीत करण्याची ही रीत, जिला 'इंडी' म्हणतात, ग्लासगोला नवी नव्हती. १९७९ मध्ये तेथे सुरू झालेल्या 'पोस्टकार्ड रेकॉर्ड्स'ने तिची वाट घालून दिली होती. मात्र १९९६ सालचा ब्रिटन निराळ्याच नादात होता. त्या वर्षी १० व ११ ऑगस्टला नेबवर्थच्या मैदानावर 'ओएसिस'च्या दोन रात्रींच्या कार्यक्रमांना सुमारे अडीच लाख लोक लोटले होते. त्या उन्हाळ्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी हा हलक्या आवाजाचा अल्बम आला. त्यातील एकही गाणे स्वतंत्र तबकडी म्हणून काढले गेले नाही. मुलाखतींना मंडळींचा बहुधा नकार असे. वेष्टनावर वादकांची तसबीर नव्हती, लाल रंगात बुडवलेले एका तरुणीचे छायाचित्र होते आणि त्यात काफ्काच्या 'द ट्रायल'ची प्रत. लोकांनी तो एकमेकांना सांगून ऐकला. फेब्रुवारी १९९९ मध्ये श्रोत्यांच्या मतांवर त्यांना 'ब्रिट' पारितोषिक मिळाले, तेही नवोदितांसाठी असलेले, तीन अल्बम पदरी असताना.

दहा गाण्यांतील प्रत्येकाविषयी लिहिण्याचे प्रयोजन नाही; 'मेफ्लाय' मला इतरांच्या मानाने सामान्य वाटते. 'मी अँड द मेजर' हे धावत्या लयीचे गाणे एका निवृत्त लष्करी वृद्धाला आणि नव्या पिढीच्या तरुणाला समोरासमोर बसवते आणि दोघांपैकी कोणाचीही बाजू पूर्णपणे घेत नाही. 'द फॉक्स इन द स्नो' हे मात्र मी पुनःपुन्हा ऐकले आहे. पियानोवर संथ चाल, आणि प्रत्येक कडव्यात एकेकाची विचारपूस: बर्फातला कोल्हा, मग एक मुलगी, मग सायकलवरचा एक मुलगा. भूक आणि एकटेपणा यांविषयी इतक्या सभ्यपणे विचारलेले प्रश्न मी गीतांत क्वचितच ऐकले आहेत. गाणारा कोणाला उपदेश करत नाही, कोणाला वाचवण्याचा आवही आणत नाही. तो फक्त थांबून विचारतो, आणि ज्याच्याकडे सात वर्षे फारसे कोणी थांबले नसेल त्याच्या तोंडी ती विचारपूस किती खरी वाटते!

अल्बमला ज्याचे नाव मिळाले ते सातवे गाणे सर्वांत दीर्घ आहे. त्याच्या आरंभी मुलांच्या खेळण्याचा गलका ऐकू येतो आणि त्या गलक्यावरच गिटार सुरू होते. विषय मात्र गंभीर आहे: श्रद्धा डळमळलेली, जगणे नकोसे झालेली तरुण मुले, आणि त्यांचे समाधान करू न शकणारा धर्मोपदेशक. हे गाणे पाखंड्याने लिहिले असते तर त्याचे मला विशेष वाटले नसते. मर्डॉक हा चर्चमध्ये जाणारा, तेथील गायकवृंदात गाणारा श्रद्धाळू मनुष्य. हिंडलंड भागातील पॅरिश चर्चच्या सभागृहाची देखभाल त्याच्याकडे होती आणि वर्षानुवर्षे तो त्याच सभागृहाच्या वरच्या मजल्यावर राहिला. ज्या छपराखाली आपण झोपतो त्याच छपराखाली दिला जाणारा दिलासा सर्वांना पुरत नाही, हे त्याने पाहिले आणि आपली श्रद्धा न सोडता लिहिले. संतांनी देवाशी भांडण मांडले ते देव सोडून नव्हे, हे ज्यांच्या कानांवर लहानपणापासून पडत आले आहे, त्या आपल्यासारख्यांना ही वृत्ती ओळखीची वाटावी. गाण्याची चाल त्या दुःखावर रडत नाही. ती प्रसन्न राहते, आणि मागे मुले खेळत असतात.

आता एका वादाच्या मुद्द्याकडे वळतो. खुद्द मर्डॉकला या गाण्यांचा अभिमान असला तरी त्यांच्या ध्वनिमुद्रणाने त्याचे समाधान झाले नव्हते. ते त्याला कृश आणि अपुरे वाटे. म्हणून २५ सप्टेंबर २००५ रोजी लंडनच्या बार्बिकन सभागृहात वाद्यवृंदाने हा संपूर्ण अल्बम क्रमाने पुन्हा वाजवला आणि त्याचे मुद्रण त्याच वर्षीच्या डिसेंबरात प्रसिद्ध केले. मधल्या ऑक्टोबरात काश्मीरला जो भयंकर भूकंप झाला, त्यातील आपद्ग्रस्तांच्या मदतनिधीसाठी त्याची मिळकत देण्यात आली. त्या दानाबद्दल मला मनःपूर्वक आदर आहे. वादनही अधिक सफाईदार आहे. नऊ वर्षांत हात बसले होते, आवाजाला बळ आले होते, तंतुवाद्ये भरीव झाली होती. परंतु कर्त्याच्या असमाधानाचा मान राखूनही त्याचा निवाडा मला मान्य करता येत नाही. मूळ मुद्रणात जो अशक्तपणा आहे तो त्या गाण्यांच्या अर्थाचाच भाग आहे. नुकता अंथरुणावरून उठलेला मनुष्य चार पावले जपून टाकतो, तसा तो आवाज उंच स्वराकडे जपून जातो, आणि भोवतालचे वादक, स्वतःही पुरते तयार नसलेले, त्याला सांभाळत, त्याच्याहून मोठे न होता वाजवतात. 'जूडी अँड द ड्रीम ऑफ हॉर्सेस' या शेवटच्या गाण्यात शाळकरी मुले वाजवतात तो साधा रेकॉर्डर, आणि मागून येणारा ट्रम्पेट, हे दोन्ही मूळ मुद्रणात ज्या निरागस धिटाईने येतात ती धिटाई पुढे सरावाने साधत नाही. बार्बिकनच्या रंगमंचावर गाणारा मनुष्य बरा झालेला होता. त्याच्या बरे होण्याचा आनंदच मानला पाहिजे. पण ही गाणी बऱ्या झालेल्या माणसाची नाहीत.

म्हणून ज्यांनी हा अल्बम अद्याप ऐकला नाही त्यांना माझी विनंती एवढीच की, त्यांनी प्रथम १९९६ चे मुद्रणच ऐकावे, गाण्यांचा क्रम न मोडता ऐकावे, आणि पहिल्या गाण्याचा आवाज वाढवण्याची घाई करू नये. सगळी मिळून सुमारे एकेचाळीस मिनिटे लागतात. लंडनचे मुद्रण त्यानंतर केव्हाही ऐकता येईल.