नाशकातील तबकड्या

नाशकास येणाऱ्या पाहुण्याची यादी बहुधा घरूनच ठरून आलेली असते. रामकुंड, काळाराम मंदिर, पांडवलेणी, सवड राहिली तर त्र्यंबकेश्वर, आणि परतताना पिशवीत चिवड्याचा पुडा. पाहुणा आमच्या घरी उतरला असला, तर या यादीत माझ्याकडून मी एका ठिकाणाची भर घालतो. ते म्हणजे आमच्या माजघरातले लोखंडी कपाट. हे कपाट दाखवून मी आजवर निदान तीन पाहुणे वेळेआधीच गाडीला घालवले, असे सौभाग्यवतीचे म्हणणे आहे.

कपाटात संगीत चित्रपटांच्या तबकड्या आहेत. कुणाला तिकिटे जमवायचा नाद, कुणाला अडकित्ते, मला हा. 'संगीत चित्रपट' हा शब्द मी 'संगीत नाटका'च्या चालीवर वापरतो, कारण आपल्याकडे एकाच्या पोटी दुसरा जन्मला. १९३२ साली 'प्रभात'ने 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट काढला, तेव्हा हरिश्चंद्राची भूमिका आणि संगीत दोन्ही गोविंदराव टेंब्यांकडे होती. रंगभूमीवरचा गवई आपली पेटी घेऊन सरळ पडद्यावर चढला.

माझ्या कपाटाला तीन फळ्या आहेत आणि त्यांची रचना काही फारशी अभिमानाची नाही. सगळ्यात वर ब्लू-रे तबकड्या: 'सिंगिंग इन द रेन', 'वेस्ट साइड स्टोरी', 'द साउंड ऑफ म्युझिक'. मधल्या फळीवर डीव्हीडी. त्यात बहुतेक हिंदी. आणि अगदी खाली, जिथे फरशी पुसताना पाणी उडते तिथे, व्हीसीडी: 'संत तुकाराम', 'कुंकू', 'अमर भूपाळी', 'सांगत्ये ऐका', 'जगाच्या पाठीवर', 'पिंजरा'. आपली माणसे तळाशी आणि परके माडीवर, अशी ही व्यवस्था मी केलेली नाही. बाजाराने केली आहे. व्हीसीडीवरचे चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे असते. ब्लू-रेवरचे १९२० बाय १०८०. गुणाकार करून पाहा, फरक वीसपटींचा निघतो. ज्यूली अँड्र्यूज ज्या टेकडीवर गाते तिथल्या गवताची पाती माझ्या पडद्यावर वेगवेगळी दिसतात. आणि तुकोबांना न्यायला विमान येते तेव्हा जिजाईच्या मुद्रेवर काय उमटते, ते मात्र मला आठवणीतून भरून काढावे लागते. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली ज्या चित्रपटाचा गौरव झाला, त्याची माझ्या घरातली ही अवस्था.

या तबकड्या जमवल्या त्या नाशकाच्या रस्त्यांवरून. एके काळी मेनरोडपासून शालिमारपर्यंत चालत गेले, तर तबकड्यांची चार-सहा दुकाने सहज लागत. २००७ च्या सुमारास तर एका कंपनीने अठ्ठावीस रुपयांना व्हीसीडी विकायला सुरुवात केली आणि भाजीच्या पिशवीतून सिनेमे घरी येऊ लागले. पुढे दुकाने एकेक करून मोबाइलची झाली. शालिमारच्या बाजूला एक दुकानदार होता. शेवटच्या दिवशी त्याने मला निरोप पाठवून बोलावले. म्हणाला, "सर, मराठी सगळं तुम्हीच घेऊन जा. उद्या इथे काचेचे फोन लागणार." मी दोन पिशव्या भरून आणल्या. पैसे त्याने मोजूनही घेतले नाहीत.

ज्या गावात ही दुकाने मिटली, ते गाव चित्रपटाच्या बाबतीत ऐरेगैरे नव्हे. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मले. 'राजा हरिश्चंद्र' दादरला झाला खरा, पण त्याच वर्षी, १९१३ साली, ते नाशकास आले आणि 'मोहिनी भस्मासुर' त्यांनी इथे काढला. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली तीही इथेच. म्हणजे बोलपटाच्या आधी कित्येक वर्षे गोदावरीकाठी देव, दानव आणि अप्सरा आरशांनी उजेड पाडून उन्हात उभ्या केल्या जात होत्या. १९४४ साली फाळके नाशकातच वारले. आज पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. पाहुण्यांना घेऊन तिथे गेलो की माझ्या मनात एकच विचार येतो: त्यांनी केलेल्या चित्रपटांपैकी आज पाहायला उरले आहेत ते थोडे आणि बहुतेक तुटकेच. १९३१ चा 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, त्याची तर एकही प्रत हाती नाही. पुण्यात २००३ च्या जानेवारीत लागलेल्या आगीत जुन्या ज्वालाग्राही फितींचा मोठा साठा जळाला. त्यात 'प्रभात'च्याही मूळ फिती होत्या. तेव्हा खालच्या फळीवरची अंधुक तबकडी पुसताना हात जरा हलका ठेवावा लागतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळे लिहायला बसलो, तिच्याकडे वळतो.

माझे वडील, अण्णा, पोस्टातून निवृत्त झाले. पेटी वाजवीत, मैफिलीत नव्हे, आळीतल्या भजनी मंडळात. 'अमर भूपाळी' त्यांनी वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी जत्रेतल्या तंबूत पाहिला होता, आणि पुढे शेजारच्या वाड्यातल्या ग्रामोफोनवरून त्यातली गाणी पेटीवर बसवली होती. वसंत देसायांचे संगीत, पंडितराव नगरकर आणि लता मंगेशकर यांचे गळे. १९५२ मध्ये कान महोत्सवात या चित्रपटाच्या ध्वनिलेखनाला पारितोषिक मिळाले, हे अण्णा घरचे कार्य असावे तसे सांगत. त्यामुळे मी 'अमर भूपाळी'ची व्हीसीडी आणली तेव्हा दिवाळी दोन दिवसांवर होती आणि मला वाटले, यंदाच्या दिवाळीला याहून मोठा आहेर तो कोणता?

पाडव्याला संध्याकाळी तबकडी लावली. अण्णांनी पेटी पुढे ओढली. पहिले गाणे सुरू झाले, त्यांनी एक पट्टी दाबली, मग शेजारची दाबली, मग भाता सोडून दिला.

"हे चढलंय," ते म्हणाले.

"अण्णा, सिनेमा तोच आहे."

"सिनेमा तोच असेल. सूर तो नाही. ही पट्टी दाबली तर कमी पडते, ही दाबली तर जास्त होते. गाणं दोन पट्ट्यांच्या मधे लटकतंय. आणि होनाजी घाईत आहे."

मी हसलो. पेटी जुनी आहे, सुरात करून घेऊ, असे म्हणालो. पेटीवाल्याला बोलावले, त्याने पेटी तपासून ठीक असल्याचे सांगितले. तरी मी हट्ट सोडला नाही. मग एका रात्री जेवताना जे बोलू नये ते बोललो: "अण्णा, वयोमानाने कानही थोडे उतरतात." त्यांनी ताटावरून मान वर केली नाही. त्यानंतर त्या तबकडीचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मी ती लावली की पेटीवर रुमाल टाकून ते अंगणात जाऊन बसत. २०१३ साली ते गेले.

पुढची हकीकत 'कल्पना'ची. उदयशंकरांचा हा नृत्यचित्र १९४८ सालचा. इटलीतल्या बोलोन्या शहरात त्याची डागडुजी झाली, २०१२ मध्ये तो कानला दाखवला गेला, आणि २०२२ साली अमेरिकेत त्याची ब्लू-रे तबकडी निघाली. मला तिचे विशेष आकर्षण होते. संगीत विष्णुदास शिराली यांचे. ते विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. आणि पलुस्करांनी उत्तरायुष्यात आपला रामनाम-आधार आश्रम थाटला तो नाशकात. त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर यांचेही बालपणीचे दिवस याच गावात गेले. पुढे 'बैजू बावरा'त अमीर खाँसाहेबांबरोबर ते गायले. म्हणजे दूरच्या नात्याने का होईना, 'कल्पना' आमच्या गावची लेक. परदेशी असलेल्या एका विद्यार्थ्याला गळ घालून मी तबकडी मागवली. ती आली, यंत्रात घातली, आणि पडद्यावर एक ओळ उमटली: ही तबकडी या विभागात चालणार नाही. ब्लू-रेवाल्यांनी जगाचे तीन विभाग पाडले आहेत, त्यात अमेरिका पहिल्यात आणि आपण तिसऱ्यात. आपलाच नाच अमेरिकेहून विकत आणायचा आणि तो पाहायची मात्र मनाई! सौभाग्यवती म्हणाली, "अहो, डबा तरी देखणा आहे. तो ठेवा."

शेवटी तबकडी घेऊन मी आमच्या कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी आपल्या संगणकावर ती काहीतरी खटपट करून चालू केली आणि आम्ही दोघे रात्री अकरापर्यंत पाहत बसलो. चहा पिताना ते सहज म्हणाले, "या तबकडीत एक बरं आहे. सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रांनी घेतलेला असतो, आणि ही चोवीसच दाखवते. आपल्या जुन्या टीव्हीची रीत पंचवीसची. त्यामुळे जुन्या तबकड्यांत सिनेमा सरळ पंचवीसने पळवायचे."

मी विचारले, "मग आवाजाचं काय होतं?"

"तोही पळतो. शंभरातली चार मिनिटं कमी होतात आणि सूर चढतो. किती म्हणाल तर पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या पाऊणभर."

हातातली बशी मी खाली ठेवली. पाऊणभर. ही पट्टी कमी, ती जास्त.

प्राध्यापकांचे म्हणणे पडताळून पाहायला एक सोपा मार्ग होता. आपल्याकडे चित्रपटाच्या आरंभी प्रमाणपत्र दाखवतात आणि त्यावर फितीची लांबी लिहिलेली असते. नव्वद फूट फीत म्हणजे एक मिनिट, एवढा साधा हिशेब. लांबी वाचायची, भागाकार करायचा, आणि तबकडी घड्याळ लावून पाहायची. घरी आलो, खालच्या फळीवरून 'अमर भूपाळी' काढली, चित्र थांबवले. प्रमाणपत्र दिसले. आकडाही दिसला. पण तो ३ होता की ८, आणि पुढचे ० की ६, हे काही केल्या ठरेना. भिंग लावले तेव्हा ठिपके मोठे झाले, आकडा तसाच राहिला. त्या ३५२ बाय २८८ चा इतका राग मला पूर्वी कधी आला नव्हता.

मग भागाकाराचा नाद सोडला. प्राध्यापकांनी दाखवले तसे संगणकावर चित्रपटाची गती पंचविसाला चोवीस अशी उतरवली. सूर जागच्या जागी धरून ठेवण्याची एक सोय त्यात असते, ती मुद्दाम बंद केली. हे करायला तीन मिनिटेही लागली नाहीत.

आई आतल्या खोलीत वाती वळत होती. तिने पेटीला कधी हात लावलेला नाही. पंचेचाळीस वर्षे ती फक्त ऐकत आली. मी पेटीवरचा रुमाल काढला. मला वाजवता येत नाही. अण्णांनी शिकवायला घेतले होते, ते मी आठव्या दिवशी सोडले. तरी कुठली पट्टी ते दाबून पाहत होते, एवढे ध्यानात होते. गाणे सुरू झाल्यावर मी तीच पट्टी दाबली आणि भाता हलवत राहिलो.

आई वातींचे तबक घेऊन दारात येऊन उभी राहिली.

"आता तो सावकाश म्हणतोय," ती म्हणाली. "हे म्हणत होते तसं."

मी काही बोललो नाही. तिने तबक कोनाड्यात ठेवले आणि पेटीजवळच्या पाटावर बसली.

"पहिल्यापासून लाव," ती म्हणाली, "आणि तू मधे मधे ती पट्टी नको दाबूस."