ओट्याखालची कांडी

मिनेसोटातल्या आमच्या चिरंजीवांनी चाकांवरचे घर घेतले आहे. शेगडी, बिछाने, न्हाणी, सारे त्यात आहे; पण माझे कुतूहल गुंतले ते ओट्याखालच्या वीतभर फिल्टरमध्ये. आत कोळशाची कांडी! गावोगावच्या नळांचे पाणी टाकीत भरायचे, आणि त्यातला क्लोरीनचा वास या कांडीने गिळायचा. गंमत अशी, की क्लोरीन गेला म्हणजे पाण्याचा राखणदारही गेला! मग ओली कांडी महिनोन्‌महिने पडून राहिली, की तिच्यातच जंतू बिऱ्हाड थाटतात.

थंडीपूर्वी चिरंजीव ती फेकू लागले, तेव्हा सौभाग्यवतींनी त्यांचा हात धरला. "अरे, चांगली आहे की! धुऊन, पुसून ठेवते."

चिंचोकेसुद्धा जपणारी ही बाई! तिच्या काटकसरीवरच आमचा संसार उभा राहिला, हे मी कोणापुढेही सांगेन. पण पाणी गोठले की सुमारे ९ टक्के फुगते. आत उरलेला ओलावा कांडीला केसभर चिरा पाडू शकतो. वरून ती धडधाकट, आणि पाणी मात्र चिरांतून न गाळताच पलीकडे!

"आई, छकुली हेच पाणी पिते," चिरंजीव एवढेच म्हणाले.

सौभाग्यवतींनी कांडी आपल्याच हाताने टाकली. नवी कांडी घरातल्या कोरड्या कपाटात आहे, सीलबंद. उघडी राहिली तर आमच्या हिंगाचा वासही ओढून घ्यायची! वसंतात टाकी निर्जंतुक करून खळखळून धुतली, की मगच ती बसवायची. वेष्टनावर तारीख सौभाग्यवतींनी घातली आहे, मराठी आकड्यांत.