पहिला कॅमेरा, नाणेघाटात!

पहिला डिजिटल एसएलआर कॅमेरा घ्यायचाय? आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा? मग आधी माझ्याबरोबर जुन्नरच्या नाणेघाटात चला!

घाटाच्या तोंडाशी सातवाहनांच्या काळातलं लेणं आहे. भिंतींवर राणी नागनिकेचा दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी शिलालेख. आत अंधार. मी उसना आणलेला कॅमेरा काढला आणि फ्लॅश मारला. फोटोत नुसती पांढरी भिंत! मग फ्लॅश बंद केला, कॅमेरा दगडावर टेकवला आणि शटर दोन सेकंद उघडं ठेवलं. बाजूच्या उजेडात खोदलेली अक्षरं सावलीसकट उठून दिसली. साधी १८-५५ मिलिमीटरची लेन्स पुरली.

पुढच्या आठवड्यात आंबेगाव तालुक्यात, आहुप्याच्या रानात शेकरू दिसलं. त्याच लेन्सने फोटो काढला, तर आला एक तांबूस ठिपका! तिथे २५०-३०० मिलिमीटरची लेन्स हवी.

म्हणून आधी काय टिपायचं ते ठरवा. सगळे पैसे महागड्या बॉडीत घालू नका. साधी, वापरलेली बॉडी घ्या, उरलेल्या पैशांत हवी ती लेन्स. जुनी लेन्स उजेडासमोर धरून पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी! आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात ती वाढतेच.

आणि पैसे साठेपर्यंत? घरच्या मोबाईलने एकाच भिंतीचा सकाळी, दुपारी, संध्याकाळी फोटो काढा. उजेड ओळखता आला, की निम्मी फोटोग्राफी आलीच!